मास्क बदलला आणि व्हीओटू मॅक्स घसरला: एका धावपटूच्या चाचणीचा प्रकरण अभ्यास

१०,००० मीटर धावणारी ३४ वर्षांची धावपटू, वजन ५४ किलो. मागच्या हंगामात ट्रेडमिलवर तिचा व्हीओटू मॅक्स दर किलो वजनामागे मिनिटाला ५६ मिलिलीटर आला होता. व्हीओटू मॅक्स म्हणजे पूर्ण ताकद लावून धावताना शरीर जास्तीत जास्त जितका ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा. या हंगामात तो ५०.५ आला, म्हणजे जवळपास दहा टक्क्यांची घट. मधल्या काळात तिचा सराव चुकला नव्हता, दुखापत झाली नव्हती, उलट शर्यतीतली वेळ सुधारली होती. अहवाल हातात पडल्यावर प्रशिक्षकांना अतिसरावाची किंवा लोहाच्या कमतरतेची शंका आली. त्यांनी आठवड्याचं अंतर कमी केलं आणि रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) दोन्ही व्यवस्थित निघाले.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. अशा चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या खुणा एकाच धावपटूच्या रूपात मांडल्या आहेत आणि आकडे हिशोब नीट समजावा असे निवडले आहेत. त्यामागचं शरीरशास्त्र मात्र जसंच्या तसं आहे.

प्रशिक्षक आणि धावपटू दोघांचाही प्रश्न एकच होता: शरीरात काय बिघडलं? माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा होता. दोन चाचण्यांच्या मधे प्रयोगशाळेने श्वास मोजण्याची साधनं बदलली होती, आणि त्याची नोंद अहवालात एका ओळीचीही नव्हती.

दोन चाचण्या, दोन साधनं

ट्रेडमिल तेच. चढ दोन्ही वेळा १ टक्का, दर तीन मिनिटांनी वेग ताशी एक किलोमीटरने वाढवायचा, मधल्या छोट्या थांब्यात कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट मोजायचं, म्हणजे जोराच्या श्रमात स्नायूंतून रक्तात साठणारा पदार्थ. पद्धत अगदी सारखी.

पहिल्या वेळी तिच्या तोंडात रबरी माउथपीस होता आणि नाकाला चिमटा. माउथपीसला दुहेरी व्हॉल्व्ह जोडलेला, म्हणजे बाहेरची हवा एका बाजूने आत येणार आणि उच्छ्वास दुसऱ्या बाजूने जाड नळीतून मिश्रणपेटीत जाणार. मोजमाप तिथे व्हायचं. या पद्धतीला मोठा वारसा आहे. १९११ मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ डग्लस यांनी उच्छ्वास गोळा करणारी पिशवी वापरात आणली, आणि १९२० च्या दशकात ए. व्ही. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशीच पिशवी पाठीवर बांधून मैदानात धावताना ऑक्सिजनचा वापर मोजला. तेव्हाही तोंडात माउथपीस आणि नाकाला चिमटाच होता.

दुसऱ्या वेळी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा सिलिकॉनचा मास्क होता. त्याच्या तोंडाशी छोटी टर्बाइन, म्हणजे हवेचं घनफळ मोजणारी फिरती पाती, आणि तिथूनच बारीक नळीने हवेचा नमुना विश्लेषकाकडे, म्हणजे वायूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राकडे ओढला जाणार. प्रत्येक श्वास वेगळा मोजला जातो. मास्क मध्यम आकाराचा होता, कारण हाताशी तोच होता.

धावपटूला मास्क जास्त आवडला होता. माउथपीसमुळे जबडा दुखतो, लाळ गळते, घसा कोरडा पडतो, आणि चिमटा लावलेला असताना गिळलं की कानात दडे बसतात. मास्कमध्ये गरम होतं, आतून ओल साचते, पण तोंड मोकळं राहतं. आराम महत्त्वाचा आहेच, कारण अस्वस्थ धावपटू लवकर थांबतो. पण सोयीचं साधन अचूक असेलच असं नाही.

आकडे शेजारी ठेवल्यावर

| वेग (किमी/तास) | ऑक्सिजन, माउथपीस (मिली/किलो/मिनिट) | ऑक्सिजन, मास्क | वायुवीजन (आत-बाहेर होणारी हवा), माउथपीस (लिटर/मिनिट) | वायुवीजन, मास्क |
|---|---|---|---|---|
| १२ | ४३.० | ४२.४ | ७२ | ७४ |
| १४ | ४९.५ | ४७.३ | ९२ | ९१ |
| १५ | ५३.० | ४९.४ | १०६ | १०२ |
| १६ | ५६.० | ५०.५ | १२२ | ११२ |

बाकीच्या नोंदी अशा. कमाल हृदयगती मागच्या वेळी १८६, या वेळी १८५. शेवटचं लॅक्टेट ९.१ आणि ९.४ मिलिमोल प्रति लिटर. आरईआर, म्हणजे बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन, १.१४ आणि १.१५. मागच्या वेळी ती १६ चा टप्पा पुरा करून थांबली होती. या वेळी १७ च्या वेगावरही एक मिनिट धावली आणि तिथे ऑक्सिजनचा आकडा ५०.४ वर अडकला.

म्हणजे ती जास्त वेगाने, जास्त वेळ धावली, हृदय तितकंच धडधडलं, रक्तात लॅक्टेटही तितकंच साठलं, आणि तरी ऑक्सिजन दहा टक्के कमी लागला. हे शरीराने कसं साधलं असेल? एकच शक्यता उरते, की धावण्यातली काटकसर सुधारली, म्हणजे त्याच वेगाला कमी ऑक्सिजन पुरू लागला. पण तसं असतं तर १२ च्या वेगालाही ते दिसलं असतं. तिथे दोन्ही आकड्यांत जेमतेम दीड टक्क्याचा फरक आहे, आणि तेवढा फरक एकाच माणसाच्या दोन दिवसांत सहज पडतो. वेग वाढत जातो तशी तफावत वाढते: १४ ला साडेचार टक्के, १५ ला सात टक्क्यांच्या आसपास, १६ ला दहा. वेगासोबत, खरं तर श्वासाच्या जोरासोबत, वाढत जाणारी चूक आपण शोधत होतो.

सॉफ्टवेअर जिथे फसलं

ऑक्सिजनचा वापर कमाल पातळीला पोचला हे ओळखण्याची सर्वात जुनी कसोटी म्हणजे सपाटी. भार वाढवला तरी ऑक्सिजन वाढेनासा होतो. १९५५ मध्ये टेलर, बस्कर्क आणि हेन्शेल यांनी त्यासाठी मिनिटाला १५० मिलिलीटरपेक्षा कमी वाढ ही मर्यादा सुचवली, आणि ती आजही अनेक ठिकाणी वापरली जाते.

आता तक्ता पाहा. मागच्या वेळी १५ वरून १६ वर जाताना वाढ होती दर किलो ३ मिलिलीटर, म्हणजे ५४ किलोला १६२ मिलिलीटर. सपाटी नाही. या वेळी वाढ १.१, म्हणजे साधारण ६० मिलिलीटर. सपाटी आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरने नव्या चाचणीवर ‘कमाल पातळी गाठली’ असा शिक्का मारला. अहवाल वाचणाऱ्याला नवी चाचणी जुनीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटणार, आणि इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. मास्कमधून हवा निसटत असेल तर जोर वाढेल तशी गळती वाढते, आणि वाढती गळती खऱ्या वाढीला खाऊन टाकते. कागदावर सुंदर सपाटी उमटते.

खरी आणि खोटी सपाटी वेगळी करता येते, त्यासाठी वायुवीजनाकडे, म्हणजे मिनिटाला आत-बाहेर होणाऱ्या हवेकडे पाहायचं. खऱ्या सपाटीत ऑक्सिजन थांबतो पण श्वास थांबत नाही. रक्तातलं आम्ल वाढत असतं, त्यामुळे वायुवीजन आणखी तीव्र चढतं, आणि वायुवीजन भागिले ऑक्सिजन हे गुणोत्तर झपाट्याने वर जातं. इथे १६ च्या वेगाला ते मागच्या वेळी ४०.३ होतं, या वेळी ४१.१. ऑक्सिजन खरोखरच ५०.५ वर अडकला असता आणि श्वास मागच्या वर्षासारखाच १२२ लिटर असता, तर गुणोत्तर ४५ च्या आसपास गेलं असतं. तसं झालं नाही. ऑक्सिजन आणि वायुवीजन हातात हात घालून खाली आले होते.

गळती काय पुसते आणि काय ठेवते

याचं कारण मोजणीच्या हिशोबातच आहे. यंत्र दोन गोष्टी मोजतं: उच्छ्वासाचं घनफळ, आणि त्यात ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड किती टक्के आहेत. बाहेरच्या कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के असतो. जोरात धावताना उच्छ्वासात तो १७ ते १८ टक्क्यांवर येतो. हा फरक गुणिले घनफळ, असा ढोबळ हिशोब.

मास्कच्या कडेने दहा टक्के उच्छ्वास निसटला तर टर्बाइनपर्यंत नव्वद टक्के हवा पोचते. पण त्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही. म्हणून ऑक्सिजनचा वापर दहा टक्के कमी दिसतो, कार्बन डायऑक्साइडही दहा टक्के कमी दिसतो, वायुवीजनही. तिन्हींचे एकमेकांशी असलेले भागाकार मात्र शाबूत राहतात. आरईआर अगदी बरोबर येतो. श्वासाच्या अखेरीला मोजलेला कार्बन डायऑक्साइडचा दाबही बरोबर येतो. चाचणी तपासणारा माणूस सवयीने याच गोष्टी पाहतो आणि सगळं ठीक आहे म्हणून पुढे जातो. मला यातला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण चूक नेमकी आपल्या तपासणीच्या सवयीत लपून बसते.

लॅक्टेट, हृदयगती, वेग आणि वेळ यांचा मास्कशी काही संबंध नसतो. म्हणून ते साक्षीदार म्हणून कामाला येतात.

बाकीच्या शंका

गळतीवर शिक्का मारण्याआधी इतर कारणं बाजूला करणं भाग होतं.

प्रशिक्षकांचं म्हणणं होतं की मास्कमुळे तिचा श्वासच कोंडला असेल. ही शंका रास्त आहे. १२२ लिटर वायुवीजन म्हणजे दर सेकंदाला दोन लिटर असं वाटतं, पण श्वास घेण्याला अर्धाच वेळ मिळतो आणि प्रवाह मधे शिखर गाठतो. श्वासाची लाट साइन आकाराची धरली तर शिखरप्रवाह वायुवीजनाच्या ३.१४ पट, म्हणजे सेकंदाला ६.४ लिटर होतो. अरुंद व्हॉल्व्ह किंवा नळीत प्रवाह खळबळीचा होतो आणि लागणारा दाब जवळपास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आरामात चालताना न जाणवणारा अडथळा शेवटच्या मिनिटांत चांगलाच जाणवतो. कमाल श्रमात श्वसनाचे स्नायूच एकूण ऑक्सिजनपैकी दहा टक्क्यांच्या आसपास वापरतात, उत्तम तयारीच्या धावपटूंमध्ये पंधरापर्यंतही. त्यांचं काम वाढलं की पायांच्या वाट्याचं रक्त कमी होतं.

पण अडथळ्याची खूण निराळी असते. वायुवीजन खरोखर कमी पडलं तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि श्वासाअखेरचा दाब वर जातो. तिचा हा दाब या वेळी ३४ मिमी पारा होता, म्हणजे वर गेलेला नव्हता. रक्तातली ऑक्सिजन संपृक्तता दोन्ही वेळा ९५ टक्के. शिवाय कोंडलेला धावपटू लवकर थांबतो, ही तर जास्त वेळ धावली.

दुसरी शंका डेड स्पेसची. मास्कच्या आत जी हवा अडकते ती वापरलेली असते आणि पुढच्या श्वासात पहिल्यांदा तीच आत जाते. माणसाच्या स्वतःच्या श्वासमार्गात अशी साधारण १५० मिलिलीटर जागा असते, मास्क त्यात भर घालतो. समजा भर ६० मिलिलीटरची आहे आणि ती मिनिटाला ३६ श्वास घेते आहे, तर दोन लिटरांपेक्षा थोडा जास्त श्वास फुकट जातो. १२ च्या वेगाला वायुवीजन ७२ वरून ७४ वर गेलं ते बहुधा यामुळेच. डेड स्पेसने श्वास वाढतो, मोजलेला ऑक्सिजन घटत नाही. थोडक्यात, डेड स्पेस इथे होती, पण दोषी ती नव्हती. हळू चालीच्या किंवा विश्रांतीच्या मोजणीत मात्र तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण श्वास उथळ असतो तेव्हा तेच ६० मिलिलीटर प्रमाणाने बरेच मोठे ठरतात.

विश्लेषक भरकटला असता तर आरईआर बिघडला असता आणि १२ चा आकडाही हलला असता. टर्बाइन जास्त प्रवाहाला कमी मोजत असेल का, हे तीन लिटरच्या कॅलिब्रेशन सिरिंजने पाहिलं: हळू, मध्यम आणि जोरात, ढकलताना आणि ओढताना. आकडे जुळले.

पुरावा मास्कमध्येच होता

टर्बाइन दोन्ही दिशांनी मोजते, पण ऑक्सिजनचा हिशोब यंत्र उच्छ्वासावरून करत होतं आणि आत घेतलेल्या हवेचं घनफळ कच्च्या फायलीत नुसतं पडून होतं. ते बाहेर काढलं. १२ च्या वेगाला आत आणि बाहेर जवळपास सारखं. १६ ला आत १२४ लिटर, बाहेर ११२. दोन्ही आकडे शरीराच्या तापमानाला आणि आर्द्रतेला आणून ठेवलेले, त्यामुळे ते जुळायला हवेत. आरईआर १ च्या वर असताना तर उच्छ्वास किंचित जास्तच भरायला हवा. मग बारा लिटर गेले कुठे? श्वास आत ओढताना मास्क चेहऱ्याला चिकटतो, सोडताना दाबाने उचलला जातो. गळती एकाच दिशेने होत होती.

मग धावपटूला विचारलं, शेवटच्या मिनिटांत काही वेगळं जाणवलं होतं का? ती लगेच म्हणाली, “हो सर, डोळ्यांत वारं जात होतं. डोळे कोरडे पडले होते.” चाचणीदरम्यान तिला बोलता येत नव्हतं आणि बोटाने दाखवायच्या तक्त्यावर फक्त श्रमाची पातळी होती, त्यामुळे हे सांगायला जागाच नव्हती.

तोच मास्क पुन्हा चढवला, पट्टे त्याच खुणांवर आवळले, पुढचं छिद्र तळहाताने बंद केलं आणि तिला श्वास सोडायला सांगितलं. हळू सोडला तेव्हा मास्क फुगून घट्ट राहिला. जोरात सोडला तेव्हा नाकाच्या उंचवट्याजवळ सिलिकॉनची कड उचलली गेली, हवेचा झोत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला लागला आणि पापण्या फडफडल्या. नेहमीची तपासणी हळू श्वासावरच होते, म्हणून ती यात पास झाली होती. घामाने कड निसरडी होते आणि धावताना डोकं दर पावलाला हलतं, हेही त्यात धरायला हवं.

पुन्हा मोजलं

लहान आकाराचा मास्क घेतला, नाकाजवळ जेलची पट्टी लावली, जोरात श्वास सोडायला लावून गळती तपासली, आणि सराव हलका ठेवून त्याच पद्धतीने चाचणी केली. १२ ला ४२.६, १४ ला ४९.०, कमाल ५६.८. आत-बाहेरचं घनफळ शेवटपर्यंत जुळलेलं. नंतर वेगळ्या दिवशी माउथपीसवर चाचणी झाली, कमाल ५७.२ आली. व्हीओटू मॅक्स दिवसागणिक तीन ते पाच टक्के इकडेतिकडे होतो, तेव्हा या दोन आकड्यांत फरक आहे असं म्हणायला आधार नाही. चांगला बसलेला मास्क आणि चांगला धरलेला माउथपीस या धावपटूसाठी सारखेच ठरले.

माउथपीसला मी निर्दोष ठरवत नाही. घामाने चिमटा घसरतो आणि नाकातून उच्छ्वास निसटतो, थकल्यावर ओठांचे कोपरे सैल पडतात. विश्रांतीत तर माउथपीस आणि चिमटा लावल्यानेच माणूस खोल आणि सावकाश श्वास घ्यायला लागतो, त्यामुळे सुरुवातीच्या नोंदी नैसर्गिक नसतात. श्रम वाढतो तसा हा परिणाम विरतो.

मग शर्यतीतली सुधारणा कुठून आली? ५६ वरून ५७ ही वाढ दिवसागणिक होणाऱ्या चढउतारात मावते, तिला प्रगती म्हणणार नाही. लॅक्टेट जास्त स्पष्ट बोलतं: १४ च्या वेगाला मागच्या हंगामात ३.६ मिलिमोल, मास्कच्या फसलेल्या चाचणीतही २.९, आणि पुन्हा मोजल्यावरही २.९. तिची कमाल क्षमता होती तिथेच राहिली, त्या क्षमतेच्या जवळ जास्त वेळ टिकण्याची ताकद वाढली. हा निष्कर्ष पहिल्याच अहवालात हजर होता, फक्त घसरलेल्या मोठ्या आकड्याने तो झाकला.

चुकीच्या आकड्याचा परिणाम कागदापुरता राहिला नव्हता. तिचा सोप्या धावेचा वेग व्हीओटू मॅक्सच्या ७० टक्क्यांवर ठरवलेला होता. सपाट जमिनीवर धावण्याचं प्रचलित ढोबळ सूत्र असं: ऑक्सिजन = ०.२ गुणिले वेग (मीटर/मिनिट) अधिक ३.५. त्यानुसार ५०.५ धरला तर वेग निघतो ताशी साधारण ९.६ किलोमीटर, ५७ धरला तर १०.९. अतिसरावाच्या शंकेने अंतर आधीच कमी झालं होतं, त्यात वेगही उतरला. प्रशिक्षकांनी दोन्ही पूर्ववत केले.

प्रयोगशाळेच्या अहवालात आता हृदयगतीच्या वर एक नवी ओळ आहे: साधन, मास्कचा आकार, जोरदार उच्छ्वासावर गळतीची तपासणी, आणि शेवटच्या टप्प्यात आत-बाहेर घनफळातला फरक टक्क्यांत. हा फरक तीन टक्क्यांच्या वर गेला तर कमाल आकडा छापायचा नाही, असं तिथल्या लोकांनी ठरवलं आहे. तीन हा आकडा त्यांच्या अनुभवातून आलेला आहे, त्यामागे कोणतंही प्रमाणित मानक नाही. धावपटूची पुढच्या हंगामातली चाचणी लहान मास्कवरच होईल, आणि तिची तुलना ५६.८ शी केली जाईल.